महाकाय यंत्रमानवाचे पुनरवतार : 'जायंट रोबॉट'च्या निमित्ताने

जपानी दूरदर्शनवर १९६० ते १९९० या दशकांत गाजलेल्या महाकाय यंत्रमानवांच्या मालिका गेली तीसपस्तीस वर्षे पुनःपुन्हा नव्याने निर्माण होत आहेत. 'तेत्सुजिन २८', 'माझिंगर झेड', 'गेट्टर रोबो', 'व्होल्टस पाच', 'इव्हान्जेलियन' अशी ही नामावली बरीच लांबविता येईल. ह्या निर्मितींविषयी जे लिहिले जाते त्याचे स्थूलमानाने दोन पक्ष पडतात. एक पक्ष मूळ कृतीशी इमान राखले की नाही एवढेच पाहतो. दुसरा पक्ष नवे काय घातले एवढेच मोजतो. दोन्ही पक्षांना आपापल्या कसोटीचा विचार करण्याची आवश्यकता वाटलेली दिसत नाही. प्रस्तुत लेखात तो विचार करावयाचा आहे. विषय बालरंजनाचा असल्यामुळे तो विभागीय पत्रिकेत कशास हवा, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास उत्तर असे की, ठाऊक असलेली कथा पुन्हा सांगणे हा मराठी वाङ्मयाचा कित्येक शतकांचा व्यवसाय आहे, आणि त्या व्यवसायात मुरलेल्या वाचकापाशी ह्या नव्या प्रकाराची पारख करण्याची साधने अधिक आहेत, उणी नाहीत.

प्रथम संज्ञेचा प्रश्न. अशा कृतींस 'रीबूट' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. हा शब्द संगणकाच्या परिभाषेतून आला. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले म्हणजे त्याच्या तात्कालिक स्मृतीत जे साठलेले असते ते पुसले जाते व कामाला कोऱ्या पाटीने आरंभ होतो. कथेच्या बाबतीत असे कधीच घडत नाही. पाटी कर्त्याच्या लेखी कोरी असेल, प्रेक्षकाच्या लेखी ती कोरी नसते; किंबहुना ती कोरी नसते म्हणूनच नव्या कृतीचा खटाटोप चालतो. मराठीत 'जीर्णोद्धार' हा शब्द सुचतो, पण त्यातही धोका आहे. कोकणातील देवळांचे जीर्णोद्धार ज्यांनी पाहिले आहेत त्यांना तो सांगावयास नको. कोरीव लाकडी खांब काढून सिमेंटचे उभे करावयाचे, फरशी चकचकीत करावयाची, आणि मूळची मूर्ती तेवढी गाभाऱ्यात जशीच्या तशी ठेवावयाची. यंत्रमानवांच्या नव्या मालिकांपैकी बऱ्याच ह्याच जातीच्या आहेत. यंत्राची आकृती जपलेली असते. ज्या सभामंडपात त्याचे दर्शन घडत असे तो मात्र नाहीसा झालेला असतो. म्हणून येथे 'पुनरवतार' असा साधा शब्द वापरला आहे. एकच दैवत, निराळे कार्य, निराळा देह, एवढा अर्थ त्यातून निघाला तरी पुरे.

आपल्याकडील प्रेक्षकाच्या परिचयाचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवरून 'जायंट रोबॉट' ही मालिका दाखविली गेली. त्या काळी ज्यांचे बालपण गेले अशा पिढीला मनगटावरील घड्याळात तोंड घालून यंत्रमानवाला आज्ञा सोडणारा मुलगा अद्याप आठवतो. मित्सुतेरु योकोयामा या चित्रकथाकाराच्या कथेवरून तोएई या संस्थेने केलेल्या ह्या मालिकेचे २६ भाग जपानात ऑक्टोबर १९६७ ते एप्रिल १९६८ या अवधीत दाखविले गेले. आपल्यापर्यंत आली ती तिची अमेरिकेत तयार झालेली इंग्रजी आवृत्ती. तीत मूळच्या दायसाकूचा जॉनी सोक्को झाला. ही मालिका रेखाटलेली नव्हती, यंत्रमानवाचा पोशाख चढविलेला नट प्रतिकृतींच्या शहरातून चालत असे, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु तिचा कर्ता योकोयामा हाच ह्या सबंध प्रकाराचा मूळ पुरुष आहे. १९५६ मध्ये त्याने 'तेत्सुजिन २८' ही चित्रकथा सुरू केली. १९६३ पासून ती ॲनिमेशनच्या रूपात दूरदर्शनवर आली. महायुद्धात जपानी सैन्यासाठी गुप्तपणे योजलेले शस्त्र, युद्ध संपल्यावर एका मुलाच्या हाती आलेले, अशी तिची कल्पना आहे. यंत्र स्वतः सज्जनही नाही, दुर्जनही नाही. नियंत्रकाची पेटी ज्याच्या हाती तो त्याचा धनी. योकोयामाचे बालपण कोबे शहरात गेले व ते शहर १९४५ मध्ये बॉम्बवर्षावात जळाले, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे ह्या कल्पनेचे मूळ शोधण्यास लांब जावे लागत नाही.

'जायंट रोबॉट'मध्ये ही कल्पना एका पावलाने पुढे जाते, आणि ते पाऊल अणूच्या दिशेने पडलेले आहे. शत्रूच्या तळावर शास्त्रज्ञ अणुबॉम्बचा स्फोट घडवितो व त्या स्फोटाच्या ऊर्जेने यंत्रमानव जागा होतो. ज्या देशावर दोन अणुबॉम्ब पडले त्या देशाने बावीस वर्षांनंतर आपल्या मुलांसाठी रचलेली ही जन्मकथा आहे, हे आपल्याकडील बालप्रेक्षकास कळण्याचे कारण नव्हते. शेवटही त्याच सूत्राला धरून आहे. शत्रुसम्राट गिलोटिन हा देहानेच अणुशक्तीचा साठा. त्याच्यावर आघात केला तर पृथ्वी नष्ट व्हावयाची. तेव्हा यंत्रमानव मुलाची आज्ञा न मानता त्याला उचलून अंतराळात नेतो व एका उल्केवर आदळून दोघेही संपतात. मुलगा खाली उभा राहून त्याला परत बोलावीत असतो. संपूर्ण मालिकेत आज्ञाधारक असलेले यंत्र एकदाच अवज्ञा करते आणि त्या अवज्ञेतच त्याला मनुष्यत्व प्राप्त होते. रचना भाबडी आहे, प्रतिकृती कागदी वाटतात, राक्षसांचे पोशाख हास्यास्पद आहेत. असे असूनही हा शेवट विसरला जात नाही. त्यातील करुण हा मागाहून चिकटविलेला नाही. पहिल्या भागातच त्याचे बीज पेरलेले आहे.

ह्या कथेचा पुनरवतार यासुहिरो इमागावा या दिग्दर्शकाने १९९२ ते १९९८ या काळात सात भागांत केला. दूरदर्शनसाठी न करता थेट चित्रफितींवर विकण्यासाठी केलेली ही ॲनिमेशनमालिका होय. तिच्या निर्मितीतील एक अडचण समीक्षेच्या दृष्टीने फार मोलाची आहे. १९६७ च्या दूरदर्शनमालिकेतील दुय्यम पात्रे वापरण्याची मोकळीक इमागावाला मिळाली नाही. म्हणजे दैवत त्याचे, परंतु पंचायतनातील इतर मूर्तींना हात लावावयाचा नाही. तेव्हा त्याने योकोयामाच्या इतर चित्रकथांकडे वळून तेथील पात्रे गोळा केली. 'सुइकोदेन', 'सांगोकुशी' या चिनी महाकथांवरील चित्रकथांतील वीर, 'बाबेल दुसरा'मधील मंडळी अशी सर्व एका नव्या कथानकात आणून बसविली. परिणामी एका मालिकेचे पुनःकथन करावयास निघालेली कृती एका ग्रंथकाराच्या सबंध वाङ्मयाचे पुनःकथन होऊन बसली.

मराठी वाचकास येथे मोरोपंतांची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. पंतांचे घराणे मूळचे आपल्याच राजापूर तालुक्यातील सौंदळचे. त्यांनी १०८ रामायणे रचली अशी परंपरा आहे. ह्या खटाटोपाची थट्टा पुष्कळ झाली. शब्दांची कसरत, पांडित्याचे प्रदर्शन, ठरावीक शिक्के! परंतु त्यांतील 'निरोष्ठ रामायणा'चा विचार करून पाहावा. ओठांनी उच्चारावयाचे वर्ण वर्ज्य असल्यामुळे त्यात पवर्ग येऊ शकत नाही, म्हणजे 'म'कार येऊ शकत नाही, म्हणजे 'राम' हे नावच घेता येत नाही. रामाचे नाव न घेता रामायण सांगावयाचे! हा नियम कवीने स्वतः पत्करलेला होता, इमागावावरील नियम बाहेरून आलेला होता, हा भेद आहेच. तथापि दोहोंचा परिणाम एकच. सरावाची वाट बंद झाल्यामुळे सांगणाऱ्याला त्या कथेत आपण नेमके काय सांगत आहोत हे प्रत्येक पावलावर नव्याने ठरवावे लागते. ज्यांना सर्व मोकळीक मिळाली अशा पुनर्निर्मितींत हा ठरविण्याचा भागच बहुधा गळालेला आढळतो. ह्याच यंत्रमानवावर २००७ मध्ये १३ भागांची आणखी एक मालिका निघाली. तिचे नाव आज इमागावाच्या कृतीच्या जोडीने घेतले जात नाही, आणि त्यात काही अन्याय झाला आहे असे मला वाटत नाही.

आता आशयाकडे वळू. इमागावाच्या कथेतील जग तेल व अणुशक्ती यांच्यापलीकडे गेलेले आहे. शिझुमा नावाच्या शास्त्रज्ञाने शोधलेल्या निर्दोष, निर्मल ऊर्जायंत्रावर सर्व काही चालते. दिव्यापासून विमानापर्यंत दुसरे साधन उरलेले नाही. फक्त दायसाकूचा यंत्रमानव तेवढा अणुशक्तीवर चालणारा, म्हणजे मागल्या युगाचा लाजिरवाणा अवशेष. दहा वर्षांपूर्वी ह्या नव्या ऊर्जेच्या प्रयोगात एक सबंध देश नष्ट झाला होता व त्याचा दोष फॉन फोगलर या शास्त्रज्ञाच्या माथी मारण्यात आला होता. त्याचा मुलगा सूड घेण्यास निघतो. आकाशातून एक प्रचंड काळा गोल, डोळ्याच्या आकाराचा, शहरांवरून सरकत जातो आणि त्याच्याखालील सर्व ऊर्जा विझते. अशा वेळी चालू शकणारे यंत्र जगात एकच उरते. पुढे उलगडते ते असे की, ती निर्मल ऊर्जा निर्मल नव्हतीच. यंत्रात मूलभूत दोष होता, घाई इतर शास्त्रज्ञांनी केली होती, आणि ज्याला अपराधी ठरविले तोच दोष दूर करण्याच्या खटपटीत होता. मुलाने बापाचा अखेरचा निरोपच उलटा वाचला होता.

रत्नागिरी जिल्ह्यातील अभ्यासकाला ही कथा केवळ जपानी म्हणून वाचता येणे कठीण आहे. पहिला भाग १९९२ मध्ये निघाला. त्याच वर्षी गुहागर तालुक्यातील दाभोळ वीज प्रकल्पासाठी एन्रॉन कंपनीशी महाराष्ट्राचा प्राथमिक करार झाला. मुबलक विजेचे ते आश्वासन २००१ मध्ये वीजनिर्मिती थांबण्यापर्यंत आले, आणि वर्ष संपण्यापूर्वी ती कंपनीच दिवाळखोरीत निघाली. पुढे राजापूर तालुक्यात माडबन परिसरात जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प आला: प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॅट. ११ मार्च २०११ रोजी जपानात भूकंप व त्सुनामी होऊन फुकुशिमाची दुर्घटना घडली. पुढच्याच महिन्यात साखरी नाटे येथे प्रकल्पविरोधी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एक जण मृत्युमुखी पडला. ऊर्जा स्वच्छ की अस्वच्छ, विकास कोणाच्या त्यागावर, हे प्रश्न येथे चर्चासत्रांपुरते राहिलेले नाहीत. बंदरांवर आणि ग्रामसभांतून ते विचारले गेले आहेत. इमागावाच्या कथेत दायसाकूचा बाप मरणसमयी मुलाला विचारतो, त्याचा आशय एवढाच की, कोणाचाही बळी न देता सुख मिळविता येईल काय. सात भागांत ह्या प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही. उत्तर टाळले म्हणून काही टीकाकारांनी दोष दिला आहे. मला उलट वाटते. १९६८ च्या शेवटात यंत्राचे बलिदान हे निर्विवाद उदात्त होते. पुनरवताराने त्याच बलिदानाकडे पाहून, ते मागण्याचा अधिकार कोणाला, असे विचारले. मूळ कृतीचा खरा वारसा चालविणे ते हेच. मूळ कृतीतील अणूला त्याने सजावटीसारखे वागविले नाही.

ह्याचा अर्थ ती कृती निर्दोष आहे असा नव्हे. पात्रांची गर्दी इतकी की, योकोयामाचे इतर साहित्य ज्याला परिचित नाही तो पहिल्या दोन भागांतच चाचपडू लागतो. पार्श्वसंगीत वॉर्सा येथील वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेले आहे. ते भव्य आहे, पण साध्या संभाषणावरही त्याचा भार पडतो. त्याहून गंभीर उणीव म्हणजे गिन्रेई ही एकच महत्त्वाची स्त्री, आणि बलिदानाच्या हक्काविषयी शंका घेणाऱ्या ह्याच कथेने तिचे मरण मात्र जुन्याच पद्धतीने, अश्रूंसाठी, खर्ची घातले आहे.

पुनरवताराचा दुसरा एक प्रकार फिलिपीन्समध्ये पाहावयास मिळतो. 'व्होल्टस पाच' ही तादाओ नागाहामा दिग्दर्शित जपानी मालिका १९७७ ची. तीत शिंगे असलेले सरदार बिनशिंगी जनतेला गुलाम करून ठेवतात व अखेर गुलामांचे बंड होते. फिलिपीन्समध्ये ती विलक्षण लोकप्रिय झाली, आणि अखेरचे चार भाग राहिले असता १९७९ मध्ये अध्यक्ष मार्कोस यांनी ती बंद पाडली. कारण हिंसाचाराचे दिले गेले. लोकांनी बंडाचे घेतले. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'ची कहाणी जाणणाऱ्यास ह्यात नवल वाटणार नाही. १९०७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकात कीचकाच्या ठिकाणी प्रेक्षकांना कर्झन दिसला आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. विराटाच्या दरबारातील जुनी कथा ज्यांना पाठ होती त्यांना तिच्यातला नवा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. जुन्या कथेचे हेच तर बळ.

परंतु 'व्होल्टस'चा २०२३ मधील फिलिपिनो पुनरवतार, हाडामांसाचे नट व संगणकीय चित्रे यांच्या मिश्रणाने केलेला, हे बळ वापरताना दिसत नाही. पाच यानांची जुळणी होऊन यंत्रमानव उभा राहण्याचा प्रसंग त्यात मूळच्या चौकटींबरहुकूम घडविला आहे. शीर्षकगीतदेखील जपानी भाषेतच ठेवले आहे. कारागिरी वाखाणण्याजोगी आहे. ज्या पिढीला शेवट नाकारला गेला होता त्या पिढीला हे ऋण फेडल्यासारखे वाटले असेल तर ते समजण्यासारखे आहे, व त्या भावनेला हिणवण्याचे कारण नाही. तथापि बंदीमुळे त्या कथेला जो एक अर्थ त्या देशात प्राप्त झाला होता, तोच ह्या निष्ठेत हरवला. १९७७ च्या जपानी मालिकेशी इमान राखले गेले. १९७९ च्या फिलिपिनो प्रेक्षकाशी राखावयाचे इमान राहून गेले. पुनःकथनाच्या बाबतीत इमान नेमके कोणाशी, हे आधी ठरवावे लागते, ते ह्यासाठी.

व्यापाराविषयी फार लिहिण्याची गरज नाही, पण तो वगळणेही बरोबर नव्हे. १९७२ च्या 'माझिंगर झेड'पासून मालिका आणि खेळणे ही जोडी अविभाज्य झाली. १९७९ ची 'गंडम' मालिका प्रायोजकाची खेळणी न खपल्यामुळे ५२ ऐवजी ४३ भागांतच आटोपती घ्यावी लागली आणि नंतर जुळणीच्या प्लास्टिक प्रतिकृतींनी तिला अक्षय्य आयुष्य दिले. यंत्रमानवाची आकृती पुनरवतारात सहसा का बदलत नाही, ह्याचे निम्मे उत्तर दुकानाच्या फळीवर सापडते. उरलेले निम्मे मात्र अधिक रोचक आहे, आणि त्यासाठी आपल्या शिमग्यातील संकासुराकडे पाहावे. नमन-खेळ्यांत काय किंवा दशावतारात काय, त्याचा काळा वेश व चेहरा झाकणारा मुखवटा पिढ्यानुपिढ्या ठरलेला. वेद चोरणे व विष्णूच्या हातून मरणे हेही ठरलेले. पण दशावतारी नटाच्या हाती लिखित संहिता नसते. कथानक तेवढे ठाऊक असते, आणि संकासुराच्या तोंडचे बोलणे त्या रात्रीचे, त्या गावचे, समोर बसलेल्या मंडळींना उद्देशून असते. आकृती जितकी पक्की तितकी वाणी मोकळी. यंत्रमानवाची पोलादी मुद्रा हाही एक मुखवटाच आहे. नव्या कर्त्यांपैकी पुष्कळांनी मुखवटा पुन्हा रंगविला व जुनेच बोलणे पाठ म्हणून दाखविले. हे दशावताराच्या रीतीच्या नेमके उलट झाले.

हिदेआकी आन्नो याची 'इव्हान्जेलियन' ह्या दृष्टीने मुद्दाम पाहण्यासारखी आहे, कारण तेथे मूळ कर्ताच स्वतःचा पुनर्कथनकार होतो. १९९५-९६ मधील २६ भागांच्या मालिकेवर त्याने २००७, २००९, २०१२ व २०२१ असे चार चित्रपट केले. पहिला चित्रपट मूळच्या प्रसंगांना इतका चिकटून आहे की, तो केला कशासाठी असा प्रश्न पडावा. सबंध जपानची वीज एका नेमासाठी एकवटण्याचा प्रसंग त्यात अधिक विस्ताराने येतो, एवढेच. दुसऱ्यापासून वाट फुटू लागते. चौथ्यात, जगाचा बहुतेक नाश झाल्यावर, वाचलेल्या माणसांचे एक लहान गाव दिसते. प्रयोगशाळेत घडविलेली रेई, तीही मूळची नव्हे तर तिची नक्कल, ह्या गावात येते आणि बायकांबरोबर चिखलात उतरून भाताची लावणी शिकते. पाय रुतणे, तोल जाऊन पडणे, ओळ वाकडी जाणे, हे सर्व इतक्या बारकाईने रेखाटले आहे की, आषाढात खाचरात उतरलेल्या कोणाही कोकणी माणसाला त्यात खोट काढता येणार नाही. पाऊण शतकाच्या यंत्रमानवकथेत यंत्राला इतका वेळ विसरून राहण्याचे धैर्य दुसऱ्या कोणी दाखविलेले मला आठवत नाही. चित्रपटाचा उत्तरार्ध पुन्हा गूढ परिभाषेत व आत्मचिकित्सेत शिरतो आणि पुष्कळ लांबतो; तो भाग मला गावातील भागाच्या तोडीचा वाटत नाही.

गावकरी ह्या मुलीला 'हुबेहूब' अशा अर्थाच्या टोपणनावाने हाक मारतात. पुनरवतारातील एका पात्रालाच दिलेले हे नाव कर्त्याने जाणूनबुजून योजले असले पाहिजे. तिला स्वतःला ते पुरत नाही. ती नायकाकडे आपल्यासाठी नाव मागते. तो विचार करतो, दुसरे नाव त्याला सुचत नाही, आणि मूळचेच नाव तिच्या वाट्याला येते. ते ती स्वीकारते. गावाबाहेर तिला जगता येणार नाही असे आपण समजतो; वस्तुतः ज्या संस्थेने तिला घडविले तिच्याबाहेर कोठेच तिला फार काळ जगता येणार नसते. लावलेले भात पिकलेले ती पाहत नाही. हा प्रसंग १९९५ च्या मालिकेत कोठेही नाही.